मेडिकल बोर्डाच्या पडद्याबाहेर

माझा स्वभाव संशयी. माहेरचे म्हणतात, सासरचेही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. संशय घेतला म्हणून तर कळलं. फौजेतून निवृत्त होऊन आलेला नवरा पहाटे उठून स्वतःची चादर स्वतः विहिरीवर धुतो, हे कुठल्या बाईच्या नजरेतून सुटेल? मला वाटलं, पितात. तोंडाचा वास घेतला, खिसे उलटे केले, काही सापडलं नाही. शेवटी समोर बसवून विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "लघवी थांबत नाय. झोपेत होते." नोकरीत ट्रक उलटून ह्यांच्या पाठीला मार बसला होता, हे मला ठाऊक होतं. त्याचं पुढे हे असं झालं, ते ह्यांनी लपवलं होतं.

शेजारच्या वाडीतले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, यावर अपंगत्वाची पेन्शन मिळते, अर्ज करा. सुभेदारांना एवढा कळवळा कशाला, म्हणून मी त्यांच्यावरही नजर ठेवली. पण पेन्शन हवीच होती. पाठ दुखते म्हणून ह्यांनी वॉचमनची नोकरी सोडली होती आणि घर कसंबसं चाललं होतं. रत्नागिरीला सैनिक कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा कारकून तो ड्रॉवरमध्ये टाकायच्या आत मी पोच मागितली. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक कपाटात, एक तांदळाच्या डब्यात.

मग मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. एसटीने घाट चढून लष्करी रुग्णालयात गेलो. ह्यांना आत घेतलं, मी पडद्याबाहेरच्या बाकावर. डॉक्टर काहीतरी गाळणार, कमी लिहिणार, याची मला खात्रीच होती. मी कान देऊन बसले.

डॉक्टरांनी नीट विचारलं, "झोपेत लघवी होते का?"

"नाही साहेब. सब ठीक है."

समोर गणवेश दिसला आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. सगळ्या जगावर संशय घेतला, पण इथे येऊन हेच खोटं बोलतील, हा घ्यायचा राहिला. मी पडदा सारून आत गेले.

"ते खोटा सांगतायत साहेब. रोज चादर धुतात."

रत्नागिरीच्या कारकुनाकडे मी संशयाने पाहिलं होतं, तसंच डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे बोलायला तुम्हाला कुणी शिकवलंय का?"

मला राग आला आणि रडूही आलं. ह्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय कागदावर काही उतरणार नव्हतं. "अहो, सांगा ना," मी म्हटलं. "माझ्यासाठी तरी सांगा."

हे उठून उभे राहिले. हात मांड्यांना चिकटवले, नजर समोरच्या भिंतीवर. "होते साहेब. रोज रात्री होते. दिवसाही होते. हे हिला माहीत नाही."

डॉक्टर लिहायला लागले. मी तशीच उभी राहिले. मालगुंडला माझ्या भाचीच्या लग्नात हे न जेवता मांडवातून निघून आले होते. माझ्या माहेरच्यांचा अपमान केला म्हणून मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते, आणि ह्यांनी ते मुकाट्याने सोसलं होतं.