ठोकाकांची रायफल

ठोकाका कुणाकडे बोट दाखवत नसत. खोलीच्या पलीकडच्या माणसाची ओळख करून द्यायची झाली तरी पंगतीत 'वाढू का?' म्हणून विचारावं तसा अख्खा तळवा उघडून पुढे करत. छत्रीचं टोक जमिनीकडे, टॉर्चचं तोंड जमिनीकडे. टीव्हीचा रिमोट दाबताना मध्ये कुणी बसलं असेल, तर आधी "जरा सरकता का?" म्हणत. आमच्या मुलांनी पाण्याची पिस्तुलं आणली तेव्हा त्यांना पहिला धडा यांनीच दिला. "मझल डाऊन, राजा! ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे तोंड करायचं नाही. रिकामी असली तरी नाही." इतका जपून वागणारा हा माणूस इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत एकुलता एक बंदूकवाला होता.

खरं नाव डॉक्टर सबनीस. माझे यजमान ज्या हॉस्पिटलात होते तिथेच ते भूल द्यायचे. बंदुकीच्या 'ठो'वरून 'ठोकाका' हे नाव मुलांनी ठेवलं आणि त्यांनी ते असं काही आनंदानं स्वीकारलं की वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा खाली तेवढीच सही असे. मला बंदुकांचं प्रेम नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण माणूस आवडला की त्याच्या खोडीही पदरात घ्याव्या लागतात. तशी मी ती रायफल पदरात घेतली.

कुणाला काही घ्यायचं असलं की सल्ल्याला ठोकाका. व्हिडिओ रेकॉर्डर घ्या, चांदीचा डिनर सेट घ्या नाहीतर सेकंडहँड गाडी, ते एकच विचारत, "वापरणार की सांभाळणार?" मी फूड प्रोसेसर घ्यायचं ठरवलं तेव्हा मलाही विचारलं. मी म्हटलं, "वापरणार, पण पाहुणे यायचे असले की." ते म्हणाले, "वहिनी, मग नका घेऊ. ते सांभाळणं झालं." मी हट्टानं घेतला. पुढं काय झालं ते सांगत नाही. त्यांना मात्र बरोबर कळलं होतं.

स्वतःच्या रायफलीच्या वेळी मात्र हेच गृहस्थ दोन-तीन वर्षं घोळ घालत बसले. एका जुन्या जर्मन कंपनीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. एक गोळी सुटली की पुढची आपोआप आत सरकते, मग फक्त पुन्हा चाप ओढायचा. कंपनीचं नाव ऐकलं की जाणकार कान टवकारत. रायफल क्लबातला जॉर्ज नावाचा एक म्हातारा अशा वस्तू जमवायचा. त्यानं बजावलं होतं, "घे, पण चालवू नकोस. ग्रीस लावून ठेव. अशी चीज पुन्हा मिळायची नाही." सुमनताई, म्हणजे ठोकाकांची बायको, म्हणायच्या, "एवढ्या पैशांत सगळं घर कार्पेट झालं असतं." ठोकाकांनी दोघांचंही ऐकून घेतलं, रायफल आणली आणि पहिल्याच रविवारी क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर नेऊन चालवली.

त्या घेण्यामागं काय होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचे वडील खडकीच्या लष्करी डेपोत कारकून होते. आलेल्या रायफली तपासायच्या, गेलेल्या रायफली तपासायच्या, यात त्यांचा जन्म गेला. दसऱ्याला डेपोत शस्त्रपूजा असे, तेव्हा ते लेकाला बरोबर नेत आणि फुलं घातलेल्या रायफलीवर त्याचा हात टेकवत. "बाबांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नाही, वहिनी. मी एकदा विचारलं, तुम्हाला वाटत नाही का? तर म्हणाले, वाटून काय करतोस, ती सरकारची आहे." हे सांगताना ठोकाका हसत होते, पण चहा तसाच गार झाला.

म्हणून त्यांच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा. आम्ही तीन-चार घरं जमायचो. वरच्या मजल्यावर भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटातून रायफल खाली यायची. आत गोळी नाही हे ठोकाका प्रत्येकाला वाकून बघायला लावायचे, अगदी माझ्या सासूबाईंनासुद्धा, आणि मग ती पाटावर ठेवायचे. गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू, साखर-खोबरं, निरांजन, सगळं यथासांग.

पहिल्याच दसऱ्याला घोटाळा झाला. सुमनताईंनी रीतीप्रमाणे हळदकुंकू पाण्यात कालवून नळीवर बोटं ओढली. आरती झाली, जेवणं झाली. रायफल परत कपाटात ठेवायची म्हणून ठोकाका फडकं घेऊन पुसायला गेले, तर सुमनताईंनी हात धरला. "सणाच्या दिवशी कुंकू पुसता? भलतंच काय!" इंग्लंडमध्ये वीस वर्षं भूल देणारा हा माणूस बायकोपुढं गप्प झाला आणि ओल्या कुंकवासकट रायफल बंद कपाटात गेली. रविवारी बाहेर काढली तेव्हा नळीवर अंगठ्याएवढा गंजाचा डाग.

सुमनताई रडल्या. जॉर्ज येऊन भिंगातून बघून गेला आणि मान हलवून म्हणाला, "डॉक, कलेक्टरच्या दृष्टीनं ही संपली." ठोकाका आमच्याकडे आले ते पेढे वाटायला आल्यासारखे. "सुटलो, वहिनी! एवढे दिवस खरचटेल म्हणून जीव वर-खाली व्हायचा. आता ती कलेक्शनमधली नाही, घरातली झाली." पुढच्या वर्षापासून कुंकू तेलात कालवायचं आणि नळीला नाही, लाकडी दस्त्याला लावायचं, असा त्या नवरा-बायकोंचा समझोता झाला. पुन्हा पुन्हा न उगाळता बायकोची चूक पोटात घालणारे पुरुष मी फार बघितलेले नाहीत. म्हणून हे लिहून ठेवते.

मग तो उन्हाळा आला. दक्षिणेकडच्या एका छोट्या गावात एका माणसानं अशाच जातीच्या रायफलीनं दिसेल त्याला मारलं. बातम्या लागल्या की आम्ही मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवत होतो. ठोकाकांच्या शेजारणीनं नेहमीचं 'हॅलो' म्हणणं सोडलं. पुढं कायदा आला. सेमी-ऑटोमॅटिक रायफली, काही बारीकसारीक सोडल्या तर, खाजगी माणसाकडे राहणार नाहीत. पोलिसांकडे जमा करा, नाहीतर कायमची निकामी करून घ्या.

मी आपलं तोंड बंद ठेवलं होतं, पण मनातून मला कायदा पटला होता. ठोकाकांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "कायदा बरोबरच आहे, वहिनी. त्या दिवशी त्या गावाच्या हॉस्पिटलात माझ्यासारखाच कुणीतरी ड्यूटीवर असेल. मला वाईट वाटतं हा माझा प्रश्न झाला, पार्लमेंटचा नाही."

सगळ्यांनी सल्ले दिले. जॉर्ज म्हणाला, नळीत वेल्डिंग करून घे, आतले भाग कापून घे, भिंतीवर लाव. डाग असला तरी वीस वर्षांनी लोक मागत येतील. माझे यजमान म्हणाले, "करून टाका, सबनीस. दसऱ्याला तरी समोर असेल." सुमनताईंनी तर दिवाणखान्यातली जागासुद्धा बघून ठेवली. त्यांना नवऱ्याची काळजी वाटत होती. ते जेवायचे, ड्यूटीला जायचे, पण घरात बोलत नव्हते. मला एकदा फोनवर म्हणाल्या, "नुसती रायफल गेली तर मी रडणार नाही गं. ह्यांचे बाबा दुसऱ्यांदा जातायत असं वाटतंय."

शेवटी एका शनिवारी ठोकाका आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, पोलीस स्टेशनला सोडाल? आज मला गाडी चालवायची नाहीये." माझे यजमान ऑन-कॉल होते. मी कोट चढवला.

रायफल कव्हरमध्ये, गाडीच्या डिकीत. मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट एकामागून एक मागं पडत होते आणि ठोकाका खिडकीबाहेर बघत होते. मला राहवेना. म्हटलं, "भिंतीवर का नाही ठेवत? निदान डोळ्यांसमोर राहील."

"निकामी करून?" ते म्हणाले. "नाही हो. हातपाय बांधून सोफ्यावर बसवायची आणि आल्यागेल्याला दाखवायची? बाबांना हात लावायला मिळायचा, चालवायला नाही. मी चालवली. पोट भरलं माझं. आता तिला जाऊ दे."

काउंटरवर एक कोवळा पोलीस होता, कानाच्या पाळ्या थंडीनं लाल झालेला. ठोकाकांनी कव्हर उघडलं, बोल्ट मागं ओढून ती रिकामी असल्याचं त्याला दाखवलं. आदल्या दिवशी रेंजवर जाऊन आल्यासारखी ती तेल देऊन पुसलेली होती. पोलिसालाही ते जाणवलं. "सुरेख ठेवलीय, सर," तो इंग्रजीत म्हणाला. ठोकाकांनी विचारलं, "आता हिचं काय करणार?" तो पोरगा घुटमळला. मग खरं ते सांगितलं. "कापतात, सर. आणि वितळवतात."

ठोकाकांनी मान हलवली. सही केली. पावती घडी घालून खिशात ठेवली. आम्ही दारापर्यंत आलो आणि ते थांबले. मागं वळून पुन्हा काउंटरशी गेले. मला वाटलं, विचार बदलला. ते त्या पोलिसाला अगदी हळू म्हणाले, "शी पुल्स अ लिटल टु द लेफ्ट. नळी थंड असताना गोळी जरा डावीकडे जाते. दोन-तीन राउंड झाले की सरळ जाते."

पोलिसानं शेजारचं पेन उचललं, रायफलीला बांधलेल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "थँक यू, सर. मी सांगीन त्यांना."

"थँक यू," ठोकाका म्हणाले, आणि निघाले.