तीन बायांची तबकडी अन् सुमीचा चौथा सूर

बायांनो, सगळ्या पाव्हण्यांच्या आधी एकटीच टपकली ती नवऱ्या मुलाची आत्या, कराडची. गोरीपान. माझ्या थोरल्या नातीला, सुमीला, बघायला आल्ती.

माझ्या मिल्ट्रीतल्या लेकानं जाझची तबकडी आणलीय. तीन विलायती बाया एकच गाणं तीन सुरांत गात्यात, तरी कसं जुळतंय! आत्या म्हणली, "गाऊन दाखव." सुमीनं तबकडी लावून चौथा सूर धरला. लय ग्वाड.

आत्या म्हणली, "पोरगी बेसूर हाय. अन् तबकडीवानी काळी."

मी म्हणलं, "आवं, काळी तबकडीच गाती. पितळंचं ताट नुसतं वाजतं."

घरातली सगळी हसली, सुमीबी. मला तर दिवाळीच.

आत्यानं च्या संपवला अन् सुमीच्या धाकट्या बहिणीकडं बोट केलं. "ही उजळ हाय. हिला बघाय येतो."

सुमीनं तबकडी थांबवली. मी 'या' म्हणलं; तुमी काय म्हणला असता? आयतवारी येत्यात, धाकटीला बघाय.