मानेवरचा कापूस

परवा रविवारी ओहोटीच्या वेळी बाबांना घेऊन माहीमच्या किनाऱ्यावर गेले होते. खडकांच्या फटींतून खेकडे तुरुतुरु पळत होते आणि बाबा ते बघत बसले होते...

मला एक व्हिडिओ आठवला, तो मोबाईलवर दाखवला. दूरच्या कुठल्याशा बेटावर घोरपडीसारखा एक प्राणी उन्हात पडलाय, आणि लाल खेकडे त्याच्या अंगावर चढून गोचिड्या वेचून खातायत. खेकड्यांचं पोट भरतं, त्याचं अंग साफ होतं.

बाबांनी तो तीनदा पाहिला. मग म्हणाले, "आमच्या खात्यात असांच होतां."

बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. पाळी सुटली की अंगभर कापसाची पिंज. समोरची आपली आपण झटकायची, पण मानेवरची, कानामागची दिसत नाही... ती जोडीदाराने काढायची, अशी रीतच होती. बाबांचे जोडीदार म्हणजे आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतले दत्तूकाका.

ब्याऐंशीच्या गिरणी संपात दोघं याच खडकांत खेकडे धरायला यायचे. घरात कालवणाला तेवढंच मिळायचं. एका संध्याकाळी दत्तूकाका उशिरा आले, बाबांच्या शेजारी वाकले, आणि बाबांना त्यांच्या कानामागे कापूस दिसला.

संपाला कित्येक महिने झाले होते. काका गुपचूप कामावर जाऊन आले होते, आणि मागचा कापूस काढायला तिथे जोडीदार नव्हता.

संप फोडणाऱ्यांबद्दल मी आयुष्यभर तावातावाने बोलत आलेय. 'माझे बाबा शेवटपर्यंत कामावर गेले नाहीत' हे तर मी कुणालाही ऐकवते. तेव्हा चाळीत कळलं असतं तर काकांना मार बसला असता, त्यांच्या घरच्यांशी कुणी बोललं नसतं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"कापूस काढलंय. पाण्यात सोडलंय."

"आणि बोललात काय?"

"काय बोलतलंय? तेची घरवाली अंथरुणात होती... आणि बारा वर्सां माझ्या मानेवरचो कापूस तोच काढी होतो."

दुसऱ्या दिवशीही काका उशिरा आले. बाबांसमोर पाठ करून बसले आणि मान खाली घातली. नंतर कितीतरी दिवस हे असंच चाललं.

दत्तूकाका आता नाहीत. चाळीत शेवटपर्यंत कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही...

संपाची गोष्ट मी सांगत राहीन, बाबा. पण कामावर गेलेल्यांना शिव्या देणं आता मला जमणार नाही.