दोनच तारा

नऊ वर्षांपूर्वी मी म्हसळ्याहून विमानतळाकडे निघाले, तेव्हा दारात अर्धा मोहल्ला जमला होता. अम्मी पिशवीत सुकट कोंबत होती, माझी बहीण नजमा रडत होती आणि प्रत्येकजण काहीतरी बजावत होता. पासपोर्ट सांभाळ. पोचल्यावर फोन कर. अब्बा वीज मंडळात वायरमन होते. ते जीपच्या खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "तिकडे कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मेन बंद करायचा." मला हसूच आलं. लेक समुद्रापार चाललीय आणि यांना मेन स्विच सुचतोय.

नजमा, तू फोनवर विचारलं होतंस, अब्बा त्या दिवशी दोन तास मोबाइलसमोरून का उठले नाहीत. तेव्हा मी उत्तर टाळलं होतं. आता लिहिते. माझ्यासारख्या इथे येऊन राहिलेल्या बायकांनीही वाचावं.

इथे आखातात, फरवानियातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या मालकाने गेल्या उन्हाळ्यात गॅसचे सिलिंडर बंद केले. जवळच्या एका बिल्डिंगमध्ये आग लागली होती. मग माझ्या नवऱ्याने, सलीमने सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, जुनी इलेक्ट्रिक रेंज आणली. वर चार शेगड्या, खाली ओव्हन. सलीम शर्क भागातल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, सकाळी सातला बाहेर पडतो. रेंज जोडून दिली ती आमच्या हारिसने, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराने. माणूस चांगला, कुणाच्याही मदतीला धावणारा. त्याच्याकडे होती ती वायर त्याने लावली, पिन फ्रिजशेजारच्या सॉकेटमध्ये खुपसली आणि म्हणाला, "मा फी मुश्किला." काही अडचण नाही.

आठ दिवस खरंच काही अडचण आली नाही. मी एका वेळी एकच शेगडी लावत होते.

शुक्रवारी सलीमचे मित्र जेवायला यायचे होते. मी चारही शेगड्या आणि केकसाठी ओव्हन लावला. थोड्या वेळाने जळक्या प्लास्टिकचा वास आला. मला वाटलं, मसाला लागला. एका हाताने पातेलं हलवत दुसऱ्या ओल्या हाताने नळ बंद करायला गेले, आणि मनगट रेंजच्या कडेला टेकलं.

तो झटका कसा होता ते मला सांगता येत नाही. दात एकमेकांवर आपटले. हात सुटला कसा, तेही कळलं नाही. भानावर आले तेव्हा मी जमिनीवर होते, आणि माझी सहा वर्षांची झोया ओव्हनच्या दांड्याकडे हात नेत होती.

"आय वॉन्ट टू सी द केक," ती म्हणत होती.

मी तिचा फ्रॉक धरून तिला मागे खेचलं. ती पडली, तिचं कोपर सोललं, ती रडायला लागली. मी तिला उचलून पॅसेजमध्ये धावले आणि तिथला मेन खाली ओढला. घर एकदम गप्प झालं. एसी थांबला. बाहेर ऑगस्टची दुपार होती. मी तिला मांडीवर घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसले.

सलीम नमाजहून आला. मी सांगितलं तर आधी म्हणाला, "आठ दिवस तर नीट चालली की." मग त्याने झोयाचं कोपर पाहिलं आणि ते धुवायला पाणी आणलं.

मी अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "मेन बंदच राहू दे. आता पिन काढ आणि दाखव." पिन एका बाजूने वितळली होती. आतल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. अब्बांनी वायरचं टोक मागितलं. मी कॅमेऱ्यासमोर धरलं.

"दोनच तारा आहेत," ते म्हणाले. "अर्थिंगची तिसरी तार नाहीच."

मित्रांना येऊ नका म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी वर्गीसभाई आले, लायसन्स असलेले मलयाळी इलेक्ट्रिशियन. त्यांनी रेंज उघडली. ओव्हनची कॉइल आत खराब होऊन तिचा करंट पत्र्यात उतरत होता. "दीदी, ये पिनवाली चीज ही नहीं है," ते म्हणाले, म्हणजे ही साध्या सॉकेटवर चालवायची वस्तूच नाही. त्यांनी कॉइल बदलली. वितरण पेटीतून जाड, तीन तारांची स्वतंत्र केबल आणली, तिला वेगळा ब्रेकर आणि करंट गळला तर आपोआप तुटणारा स्विच बसवला. रेंजचा मोठा स्विच शेगड्यांवरून हात न्यावा लागणार नाही असा बाजूच्या भिंतीवर घेतला. मीटर लावून अर्थिंग तपासलं. दोन तास मोबाइलवरून अब्बा मोडक्या हिंदीत सारखं विचारत होते, "स्क्रू पूरा टाइट है ना?" वर्गीसभाई न चिडता प्रत्येक वेळी दाखवत होते.

ते गेल्यावर मी अब्बांना म्हटलं, "मला आता स्वयंपाकघरात जायचीच भीती वाटते."

"मला तीस वर्षं रोज वाटायची," अब्बा म्हणाले. "खांबावर चढताना रोज. तुमच्या अम्मीला कधी सांगितलं नाही."

आमच्या लहानपणी ते शीळ घालत कामावर जायचे, आठवतं नजमा? मला वाटायचं, या माणसाला भीती ठाऊकच नाही.

त्या झटक्याआधी इथल्या तीन भाड्याच्या जागांत मी राहिले. भिंतीच्या आत काय आहे, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. घर म्हसळ्याला होतं, इथे फक्त खोल्या होत्या. आता मी रोज रेंजमागच्या भिंतीवर तळहात ठेवून बघते, गरम तर नाही ना. झोयाला घेऊन बाहेर पडले तरी रेंजचा स्विच बंद केलाय का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येते.

डिसेंबरात गावी आले होते तेव्हा अम्मी तांदळाची भाकरी थापत होती. बोलता बोलता मी म्हटलं, "आमच्या घरी ओव्हन उजव्या बाजूला आहे." अम्मीचा हात पिठावर क्षणभर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भाकरी थापायला लागली. मी 'घरी' हा माझा शब्द मागे घेतला नाही.