फाटकाशी आणून टाकलेला

नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या त्या मुसलमान गावात उल्कान दोन गोष्टींसाठी ओळखली जायची: तिने बनवलेल्या, जमिनीवर अंथरायच्या लोकरीच्या नमद्यांसाठी आणि नवऱ्याच्या मारासाठी. सबीर प्यायला की हाताला लागेल त्याने मारायचा. एकदा बरगडीच मोडली, तेव्हा तिला दूरच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. शेजारच्या खाटेवर एर्ना नावाची, त्याच मुलखात जन्मलेली जर्मन म्हातारी होती. घरातल्या माणसाशी बोलावं तशी ती येशूशी बोलायची, मध्येच हसायचीसुद्धा.

"आजी, तो उत्तर देतो का?" उल्कानने विचारलं.

"नेहमी नाही देत. पण उठून जात नाही."

उल्कानच्या आयुष्यात असं कुणीच नव्हतं. ती घरी परतली ती ख्रिस्ती होऊन.

सबीरने त्यासाठीही मारलं. मग त्याला अर्धांगवायू झाला. शेजारणींना वाटलं, आता ही सगळं वसूल करणार. पण तिने त्याला भरवलं, धुतलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवलं. हळूहळू तोही प्रार्थनेला बसू लागला. "मी तुला इतकं मारलं, तरी हा तुझा येशू मला जवळ घेईल?" जड जिभेने त्याने विचारलं.

"मी नसतं घेतलं," ती खरं तेच बोलली. "त्याने मला घ्यायला लावलं."

ऐन थंडीत सबीर गेला. रिवाजाप्रमाणे अंगणात तंबू उभा राहिला, पण आत बसून शोक गायला एकही बाई आली नाही. आला तो धाकटा दीर असानबेक, गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन.

"वहिनी, सगळ्यांसमोर कलमा म्हण. चूक झाली म्हण. मग कबरस्तान काय, आपलंच आहे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पाठव त्याला तुझ्या जर्मनांकडे, पार्सल करून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

शेजारच्या गावात दिलेली मुलगी नुरजमाल दुपारी पोचली. "अपा," तिने आईला विनवलं, "दोन शब्द तर आहेत! तोंडाने म्हण, मनात काय ठेवायचं ते ठेव. मला सासरी तोंड दाखवायचंय गं."

"पोरी, तुझ्या बापाने मरताना ज्याचा हात धरला, त्याला मी बापाच्याच मढ्यापुढे कसं नाकारू?"

"मग मला नाकार," नुरजमाल म्हणाली. बापाचं तोंडही न बघता ती निघून गेली.

शहरातून तिच्या प्रार्थनामंडळीतले काही पुरुष आले. उल्कानच्या बटाट्याच्या वावरात शेणी आणि जुने टायर जाळून त्यांनी गोठलेली जमीन नरम केली आणि सबीरला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्कान दूध काढायला बाहेर आली, तर सबीर फाटकाशी पडला होता. कफनासकट उकरून आणलेला, तोंडात माती. रस्त्यापलीकडे शेजारी उभे होते. "अरे, झाका तरी त्याला," म्हातारा मुल्ला पुटपुटला, पण त्याचेही पाय हलले नाहीत. उल्कानने डोक्याचा रुमाल सोडला आणि नवऱ्याच्या तोंडातली माती पुसून काढली. मग पोलिसांची गाडी आली. गावात तंटा नको, म्हणत त्यांनी प्रेत नेलं. कुठे पुरलं ते तिला कधीच कुणी सांगितलं नाही.

ती गोठ्यात शिरली आणि देवाला शिव्या देत सुटली. "तू होतास कुठे? ते उकरत होते तेव्हा झोपला होतास?" आवाज बसला तेव्हा गाईच्या पोटाला डोकं टेकून ती नुसती पडून राहिली. आता तिला कशाची आशा नव्हती. आणि तेव्हाच तिला कळलं की गोठ्यात आपण एकट्या नाही. ना आवाज, ना उजेड. पण कुणीतरी अगदी शेजारी बसलं होतं, तिच्याइतकंच दुखावलेलं. तिला आनंद झाला. इतका, की अशा दिवशी असं वाटल्याची तिची तिलाच लाज वाटली.

गावाला तेच सहन होईना. ती दूध काढताना गुणगुणते, हे कानावर आलं तसा असानबेक तणतणत आला.

"भावाला धड माती मिळाली नाही आणि तू गातेस? रड की, बाई! माणसासारखी रड!"

"रडते. रोज रडते."

"मग हे तोंड असं कसं?"

तिने त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवली. त्याने ती उचलली, तिच्या मांडीवर ओतली आणि निघून गेला.

उन्हाळ्याच्या शेवटी दुकानात एक बाई म्हणाली, "आजी झालीस म्हणे! कळवलं नाही का तुला?" उल्कान तशीच चालत लेकीच्या गावी गेली. अंगणात दोरीवर लंगोट वाळत होते. तिने फाटकाबाहेरूनच नातवासाठी प्रार्थना केली. खिडकीत नुरजमाल दिसली. मायलेकींची नजरानजर झाली.

"कुत्रा सोडा रे," आतून लेकीचा आवाज आला.

पोटरी फाडूनच कुत्रा मागे फिरला. गावाबाहेरच्या ओढ्यावर बसून उल्कानने पाय धुतला आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून शेजारी कुणी असावं तशी म्हणाली, "लंगोट किती होते, पाहिलंस? पोर चांगलंच दूध पितंय." आणि तिला हसू आलं. रुमाल फाडून तिने पाय बांधला आणि लंगडत घराची वाट धरली.