पडायची नोकरी

माझा भाचा सम्यक पडण्यावर पोट भरतो. टीव्हीच्या मालिकेत कुणी जिन्यावरून गडगडलं, कुणाला गाडीनं उडवलं, की त्या जागी तो असतो. तोंड मात्र दुसऱ्याचं दिसतं. हे खूळ त्याच्या डोक्यात कुणी भरलं असं आमच्या गल्लीत विचारलं, तर सगळे मामाकडं, म्हणजे माझ्याकडं बोट दाखवतील. ते काही खोटं नाही.

तो अकरा वर्षांचा असताना शहागंजात जुन्या सामानाच्या ढिगात मला एक स्केटबोर्ड सापडला. चाकं तीनच. मी तेव्हा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. चौथं चाक बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. ते जरा मोठं बसलं, त्यामुळं फळी कायम उजवीकडं ओढायची. पोरगं त्या वाकड्या फळीवरच शिकलं. पुढं सरळ चालणारी फळी मिळाली, तर पठ्ठ्या महिनाभर तिच्यावरून पडत होता.

पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या उतारावर तो शाळेआधी फळी घेऊन जायचा. गुडघे फुटायचे, कोपरं सोलवटायची. आईनं विचारलं, लागलं का, की हा म्हणायचा, नाय. आमच्या घरात 'लागलं' म्हणायची पद्धतच नाही. त्याची आई, माझी धाकटी बहीण रत्नमाला, बावीस वर्षं बांधकामावर बिगारी काम करते. डोक्यावर घमेलं घेऊन बांबूच्या परांचीवर चढते. दाजी लवकर गेले. त्यानंतर तिनं दुखण्याखुपण्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. मला तिचा अभिमान वाटतो आणि नेमका याच गोष्टीचा रागही येतो.

कॉलेजात असताना क्रांती चौकाजवळ एका कठड्यावरून फळीवर घसरताना तो तोंडावर आपटला आणि हसत उठला. मित्रानं त्याचा व्हिडिओ टाकला. तो मुंबईच्या सत्यम मास्टरांनी पाहिला. हे मालिकांमधली मारामारी आणि पडापडी बसवणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं, की उड्या मारणारे ढिगानं मिळतात, पडून हसत उठणारा मिळत नाही. त्यांनी सम्यकला बोलावून घेतलं. घरी यानं सांगितलं, कॅमेऱ्याच्या खात्यात काम लागलंय. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसलो.

दोन वर्षं किरकोळ कामांत गेली. मग एका रोजच्या मालिकेत कायमची जागा निघाली. नायिकेच्या बदली पडायचं. पोरगं अंगानं काडी, उंची तिच्याएवढीच. गंगावन लावून साडी नेसवली, की पाठमोरं ओळखू येत नाही. पण वीस पायऱ्यांच्या जिन्यावर साडीनंच घात केला. पहिल्यांदा निऱ्या पायात आल्या. दुसऱ्यांदा साडी सुटून आधी खाली पोचली आणि हा तिच्या मागून. सेटवर हशा पिकला. मास्टरांनी बजावलं, सोमवारी शेवटची संधी. जमलं तर जागा तुझी, नाही तर दुसरा माणूस तयार आहे.

शनिवारी तो मुंबईहून माझ्याकडं धावत आला. जणू मी जन्मभर साड्याच नेसत आलोय. रत्नमाला कामावर गेलेली पाहून आम्ही तिच्याच घरात दार लोटून घेतलं, तिचीच साडी काढली आणि मोबाइलवर बघून सुरू झालो. त्रेसष्ट वर्षांचा मी निऱ्या धरतोय, तो कॉटवरून गादीवर पडतोय. नऊ वेळा नेसवली, नऊ वेळा सुटली. नेमकं त्या दिवशी साइटवर सिमेंट आलं नाही म्हणून रत्नमाला दुपारीच परतली. दार उघडून बघते तर पोरगा साडीत, आणि थोरला भाऊ पदर धरून उभा.

मी घाईनं काहीतरी नाटकाबिटकाचं सांगायला गेलो. सम्यकनं मात्र सगळं सांगून टाकलं. पडायचं काम, जिना, सोमवार. आता आपली खैर नाही असं मला वाटलं. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती त्याच्या पायातल्या निऱ्या बघत होती.

"असं नेसून मी चवथा मजला चढले असते, तर कवाच मेले असते," ती म्हणाली.

मग तिनं जुनी सुती साडी मधून फाडली. त्या कापडाचा आतून घट्ट कासोटा घातला, म्हणजे पाय मोकळे राहतात. वरची साडी त्यावर नेसवून तिच्या निऱ्या गुडघ्याशी आतल्या कापडाला टाचल्या. पदर कमरेला खोचून गाठ एका बाजूला घेतली. पोटावर गाठ नको, पडताना ती बरगडीत घुसते, असं सांगितलं. सम्यकनं विचारलं, हे तुला कसं ठाऊक.

ती टाके घालत राहिली. "तू चार वर्साचा व्हतास. मी लग्नाला गेले म्हणून आठ दिवस मामाकडं राहिलास, आठवतं का? लग्न नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरून पडले व्हते. दवाखान्यात व्हते."

ते खोटं लग्न मीच जुळवलं होतं. सम्यकनं माझ्याकडं पाहिलं आणि मी दोऱ्याचं रीळ उचलून हातात घेतलं. मग दोरा तोडून तिनं अट घातली, पडलास की मला फोन करायचा, आणि लागलं तर लागलं म्हणायचं.

सोमवारी आईनं दाखवलं तसंच नेसला आणि पहिल्याच झटक्यात जमलं. जागा मिळाली. त्यानं फोन केला, ती साइटवरच होती. लागलं का विचारलं, तर म्हणाला, नाय.

दहा दिवसांनी तो भाग लागला. संध्याकाळी सात वाजता गल्लीतल्या सगळ्या बाया रत्नमालाच्या घरात. नायिका गडगडली तशी ही सगळ्यांना सांगत सुटली, हा माझा सम्यक, हा माझा सम्यक. खाली पोचल्यावर मात्र नायिकेचा चेहरा आला आणि तिच्या सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. रत्नमाला खवळली. पडलं माझं पोरगं, आणि मांडी हिला, असं तिचं म्हणणं पडलं.

बाया हसत हसत गेल्या, तेव्हा तिनं मला सम्यकला स्पीकरवर फोन लावायला सांगितलं.

"बाराव्या पायरीला डावं कोपर आपटलं तुझं," ती म्हणाली. "मी बघितलं."

मग सम्यक म्हणाला, "व्हय आई. लागलं. अजून सुजलंय."

मला वाटलं ती आता चिडणार. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"माझी बी कंबर दुखायलीय आज," ती म्हणाली. "सकाळपासून लई दुखायलीय."

मी उठून शेकायची रबरी पिशवी शोधायला लागलो. फडताळ पाहिलं, पेटी पाहिली, कॉटखाली वाकून पाहिलं. त्या घरात तशी पिशवी कधी आणलेलीच नव्हती.