चांद्रीच्या गळ्यातला पट्टा

चांद्री उठत नव्हती. पाठीवर थाप मारली, शेपूट पिळलं, नावानं हाक मारली. कानसुद्धा हलवला नाही. डोळे खोल गेले होते आणि दात करकर वाजत होते. गाय दात खायला लागली की तिच्या पोटात कळ आहे असं समजायचं. एवढं मला कुणी शिकवायला नको. उभा जन्म गोठ्यात गेला आहे. आधी अंधेरीच्या तबेल्यात म्हशी, मग इथे मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टच्या गोठ्यात गायी. अकरा गायी आहेत आणि अकराही जणी माझा आवाज ओळखतात.

तिच्या मागे शेण पडलं होतं. शेण कसलं, पिवळं पाणी. वास आंबट, दोन दिवसांच्या पिठासारखा. आणि त्यात भाताची शितं. अख्खी, जशी पानात वाढली होती तशीच बाहेर आलेली.

मग मी जे केलं ते लिहायला आजही हात कचरतो. पाइप लावला आणि सगळं धुऊन टाकलं. नऊ वाजता मॅडम येणार होत्या.

मॅडम म्हणजे खंदारे मॅडम. शिक्षण गुरांच्या डॉक्टरचं, आणि त्याच्या पुढे आता संशोधन करतात. वय माझ्या नातीएवढं. गाव वाशिमकडचं, बापाच्या शेळ्या होत्या, त्यामुळे शेणात पाय पडला तर नाक मुरडत नाहीत. त्यांचं काम असं की गाय दिवसभरात काय खाते, किती वेळ चरते, किती वेळ रवंथ करते, आणि त्यावर तिचं दूध कसं ठरतं, ते बघायचं. ट्रस्टची पाठीमागे भिंत घातलेली मोठी जागा आहे, पावसानंतर तिथे गुडघाभर गवत असतं. तिथे आमच्या गायी सकाळी चरतात. शहरात अशी जागा मिळत नाही म्हणून मॅडम इथे आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी चार गायींच्या गळ्यात पट्टे बांधले. पट्ट्याला काडेपेटीएवढा डबा. गायीची मान आणि जबडा कसा हलतो ते तो डबा ओळखतो आणि मॅडमच्या मोबाइलवर पाठवतो. मी हसलो. म्हटलं, मॅडम, मला विचारा ना, डबा कशाला. त्या म्हणाल्या, तुम्हालाही विचारणारच आहे तात्या. आणि माझ्या हातात वही दिली.

वहीचं काम सोपं. दर दहा मिनिटांनी त्या चार गायींकडे बघायचं आणि एक अक्षर लिहायचं. चरत असेल तर च. रवंथ करत असेल तर र. बसली असेल तर ब. नुसती उभी असेल तर उ. मॅनेजर सावंत तिथेच उभा होता. तो म्हणाला, तात्याला कशाला देता, तात्या चौथी नापास. मी त्याला सांगितलं, नापास नाही, चौथी पास होऊन सोडली, दाखला ट्रंकेत आहे. त्या दिवसापासून मी वहीतलं एकही घर रिकामं सोडलं नाही. जेवताना डाव्या हातात भाकरी आणि उजव्या हातात पेन.

मॅडमनी एकच अट घातली होती. या चार गायींच्या पोटात त्यांनी सांगितल्याशिवाय दुसरं काही जाता कामा नये. हिरवं गवत, सुका चारा, ठरलेली पेंड, बस. मी म्हटलं, माझ्या गोठ्यात माझ्या परवानगीशिवाय माशी बसत नाही.

आणि मग पितृपंधरवडा लागला.

श्राद्धाच्या स्वयंपाकातून एक पान कावळ्याचं काढतात, एक गायीचं. कावळे मुलुंडला पैशाला पासरी. गाय कुठून आणणार? सोसायटीत गाय नसते. मग भांडुप, घाटकोपरहूनसुद्धा लोक रिक्षा करून आमच्या गेटवर येतात. हातात केळीचं पान, नाहीतर स्टीलचा डबा. भात, वरण, वडे, खीर, कढी. दारात म्हातारी बाई उभी, म्हणते भाऊ, आमच्या ह्यांचं पान आहे, एवढं गायीच्या तोंडी लावा. नाही कसं म्हणायचं? मी कुणाकडून दक्षिणा घेत नाही, पण पान परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

चांद्री गेटच्या जवळ बांधलेली होती. वीस दिवसांपूर्वी व्यालेली, म्हणून मोकळ्या हवेत ठेवली होती. लोकांना तीच पहिली दिसायची. पट्ट्याच्या चार गायींमध्ये तीही होती. मला अट आठवत होती. पण मी मनाशी म्हटलं, पितरांचं पान हा काही चारा नाही, तो नैवेद्य आहे. वहीत त्याला अक्षरही नव्हतं. दुपारी बारा ते दोन मी तिच्या रकान्यात ‘उ’ लिहीत गेलो. उ, उ, उ, उ. नुसती उभी आहे.

नवमीला तर गेटवर रांग लागली. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. किती पानं झाली ते मी मोजलं नाही. चांद्री खात होती, कारण गोड आणि मऊ तिला कधी मिळत नाही. शेवटचं पान माझं होतं. माझी बायको मालन सवाष्ण गेली. चांद्रीची आई वितानाच मेली होती, तेव्हा या वासराला बाटलीनं दूध पाजून मालननं वाढवलं. म्हणून दरवर्षी नवमीला मी स्वतः भात आणि खीर करतो, वडे तळतो, आणि चांद्रीला हातानं भरवतो. त्या दिवशी तिनं माझ्या पानाला आधी तोंड लावलं नाही. मान फिरवली. मला राग आला. म्हटलं, लोकांचं खाल्लंस आणि घरचं नको? मी घास तिच्या जबड्यात कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडली होती.

मॅडम आल्या तेव्हा फरशी ओली आणि स्वच्छ होती. त्या सरळ चांद्रीजवळ बसल्या. कान हातात घेतले, म्हणाल्या, थंड आहेत. ताजी व्यालेली गाय अशी पडली की बहुतेक वेळा अंगातलं कॅल्शियम कमी झालेलं असतं. बाटली शिरेतून दिली की गाय तासाभरात उठते. मी ते खूप वेळा बघितलं आहे. मॅडमनी बॅगेतून बाटली काढली, नळी जोडली.

“काल काय खाल्लं हिनं?”

“रोजचंच. गवत, पेंड.”

“शेण कसं होतं?”

“चांगलं होतं,” मी म्हणालो.

सावंत माझ्यामागे उभा होता. तो म्हणाला, तात्याचं लक्ष असतं हो, अक्षरसुद्धा चुकवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझी तारीफ केली, ती तेव्हा.

मॅडम सुई टोचणार होत्या, पण थांबल्या. मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यावर रेघा होत्या, हिरव्या आणि निळ्या. हिरवी म्हणजे खाणं, निळी म्हणजे रवंथ. गायीचं खरं जेवण रवंथात असतं. पोटाचा पहिला कप्पा हौदाएवढा मोठा, त्याला रुमेन म्हणतात. त्यात गवत आंबतं, मग गाय ते वर आणून सावकाश चावते. ज्या दिवशी रवंथ थांबला त्या दिवशी हौदाचं काम बिघडलं. मोबाइलवर काल दुपारी दोननंतर एकही निळी रेघ नव्हती. आणि मला धक्का बसला तो पुढे. गेल्या आठ दिवसांत निळी रेघ रोज थोडी थोडी छोटी होत आली होती. मी रोज तिच्यासमोर बसून होतो. मला ते दिसलं नव्हतं.

“बारा ते दोन तुम्ही उ लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “पट्टा म्हणतो ती खात होती. गवत खाताना मान वेगळी हलते. ही घाईघाईनं गिळत होती. तात्या, हे कॅल्शियम मी चुकून दिलं तर हिचं हृदय थांबू शकतं. मला काय ते सांगा.”

बाटली त्यांच्या हातात होती. आतलं पाणी स्वच्छ, उन्हात चमकत होतं. मी चांद्रीकडे बघितलं. तिच्या नाकाच्या टोकाला खिरीतला शेवईचा एक तुकडा सुकून चिकटला होता. तेवढा धुवायचा राहिला होता.

“पानं,” मी म्हणालो. “श्राद्धाची. आठ दिवस. काल सगळ्यात जास्त. शेवटचं माझं, मी कोंबून दिलं. शेणात शितं होती, मी धुऊन टाकली.”

सावंत म्हणाला, तात्या, वाट लावलीस. मॅडमनी बाटली बॅगेत ठेवली. मग हात भराभर चालू लागले.

शिजलेला भात, साखर, खीर रुमेनमध्ये गेली की तिथे ॲसिड होतं. गवत पचवणारे जिवाणू मरतात, ॲसिड रक्तात उतरतं. मॅडमनी चांद्रीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबली तर आत पाण्यानं भरलेल्या पखालीसारखा आवाज आला. तोंडातून नळी घातली. जे बाहेर आलं त्याला दह्याचा वास होता. ॲसिड ओळखायची कागदाची पट्टी त्यात बुडवली, मॅडमनी ती बघितली आणि मान हलवली. मी सांगितलेलं खरं होतं. खायचा सोडा पाण्यात कालवून पोटात सोडला, शिरेतून सलाइन लावलं. नळी धरून मी बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, धरा नीट. तेवढंच.

दुपारनंतर त्यांनी एक गोष्ट केली ती बघून सावंत बाहेर जाऊन ओकला. गंगी नावाची आमची धडधाकट गाय आहे. तिच्या पोटात नळी घालून तिथला हिरवा पातळ रस बादलीत काढला, गाळला, आणि कोमटच चांद्रीच्या पोटात ओतला. गंगीचे जिवंत जिवाणू चांद्रीला उसने. मी म्हटलं, माझा बाप रवंथ करणाऱ्या गायीच्या तोंडातला घास काढून आजारी गायीला द्यायचा. तो वेडा आहे असं मला वाटायचं.

“वेडे नव्हते,” मॅडम म्हणाल्या. “हेच आहे. फक्त ते घासभर द्यायचे.”

मग थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, माझीही चूक आहे. मोबाइलवरच्या रेघा मी आठवड्यातून एकदाच बघते. आमच्या घरी पान काढत नाहीत. पंधरवड्यात गेटवर हे सगळं येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, नाहीतर सांगितलं असतं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चांद्री आपली आपण उभी राहिली. मॅडमचा फोन आला तेव्हा मी तिच्या समोरच होतो. त्या म्हणाल्या, तात्या, निळी रेघ आली. मी म्हटलं, मला दिसतंय, जबडा हलतोय. पण खरं सांगायचं तर फोन आल्यावरच मी जबड्याकडे नीट बघितलं.

दूध त्या वेतात निम्म्यावर आलं ते वर चढलंच नाही. त्या ॲसिडमुळे पुढच्या खुराला सूज राहिली, अजून थोडी लंगडते. संशोधनातून चांद्रीचं नाव काढावं लागलं. मला वाटलं वहीही काढून घेतील. मॅडमनी वही परत दिली आणि म्हणाल्या, ते आठ दिवस दुरुस्त करा. मी विचारलं, कुठलं अक्षर? त्या म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. मी एकेक ‘उ’ खोडला आणि शेजारी ‘प’ लिहिला. प म्हणजे पान. अख्खी दुपार गेली. सावंत येऊन बघून गेला. नाव काढलं तरी चांद्रीचा रकाना मी पुढेही भरत राहिलो.

या वर्षी पंधरवड्यात मी गेटवर स्टूल टाकून बसलो होतो. पानं घेतली, परत पाठवली नाहीत, पण पानात आलेलं चांद्रीच्या तोंडाला लागू दिलं नाही. शेजारी कापलेल्या गवताचा भारा ठेवला. ज्याचं त्यानं आपल्या हातानं मूठभर घालायचं. काही लोक भांडले. एक बाई म्हणाली, पितर उपाशी राहतील. मी म्हटलं, बाई, गाय राहिली तर पुढच्या वर्षी याल.

नवमीला मालनचं पानही गवताचंच वाढलं. चांद्रीनं लगेच खाल्लं. मान फिरवली नाही. मी घड्याळ बघून वहीत ‘च’ लिहिलं.